न वाकलेला चमचा : एका फसलेल्या प्रयोगाचा अभ्यास

युरी गेलर येऊन बसला तेव्हा टेबलावरचं सामान आधीच मांडून ठेवलेलं होतं. चमचे होते, ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्या होत्या. एका डबीत काहीतरी भरलेलं, बाकीच्या रिकाम्या. भरलेली डबी कोणती ते हात न लावता ओळखायचं आणि चमचा नुसता बोटाने चोळत वाकवायचा, हे दोन्ही प्रयोग गेलरच्या हातचे होते. त्या दिवशी फरक एवढाच होता की टेबलावरची एकही वस्तू त्याने किंवा त्याच्या माणसांनी आधी हाताळलेली नव्हती.

तारीख १ ऑगस्ट १९७३. जागा कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथला एनबीसी या टीव्ही वाहिनीचा स्टुडिओ, कार्यक्रम गप्पांचा ‘द टुनाइट शो’. समोर यजमान जॉनी कार्सन. शेजारच्या सोफ्यावर अभिनेता रिकार्डो मोंताल्बान. पुढची वीस-बावीस मिनिटं काहीही घडलं नाही. चमचा सरळ राहिला, डबी ओळखता आली नाही. ‘आज मला जोर वाटत नाही’ अशा अर्थाचं गेलर पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि वेळ संपली.

मी गेली चौदा वर्षं मनकवडेपणाचे प्रयोग करतो. कंपन्यांचे मेळावे, लग्नाआधीचे संगीत कार्यक्रम, सोसायट्यांचे गणेशोत्सव. या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना मी गाजलेल्या प्रयोगांआधी ही चित्रफीत दाखवतो. बहुतेक जण बघून म्हणतात, ‘संपला बिचारा.’ तो संपला नाही. का संपला नाही, हे ज्याला कळलं त्याने मनकवडेपणाच्या मंचावर उभं राहावं, असं माझं मत आहे. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून मांडतो.

आधी गेलर. जन्म १९४६, तेल अवीव. इस्रायलच्या सैन्यात छत्रीधारी सैनिक होता, १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात जखमी झाला. १९६९ च्या सुमारास तिथल्या नाइटक्लबांत आणि सभागृहांत कार्यक्रम करू लागला. पुढे आंद्रिया पुहारिच नावाच्या संशोधकाने त्याला हेरलं आणि १९७२ मध्ये अमेरिकेत आणलं. इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. गेलर स्वतःला जादूगार म्हणवत नव्हता. आपल्याकडे खरीखुरी शक्ती आहे, असा त्याचा दावा होता. चमचा तोच, बोट तेच. पण दावा बदलला की सगळ्या प्रयोगाचा धर्म बदलतो.

आता कार्सन. अमेरिका त्याला गप्पा मारणारा यजमान म्हणून ओळखायची, पण मुळात तो जादूचे खेळ करणारा पोरगा होता. नेब्रास्कातल्या नॉर्फोक गावात चौदाव्या वर्षी ‘द ग्रेट कार्सोनी’ या नावाने त्याने पहिला कार्यक्रम केला होता. गेलर येणार म्हटल्यावर त्याच्या लोकांनी जेम्स रँडी या व्यावसायिक जादूगाराचा सल्ला घेतला. रँडीचा सल्ला अगदी साधा होता. सामान तुमचं तुम्ही आणा, आणि कार्यक्रमाआधी गेलर किंवा त्याचा कुणी माणूस त्या सामानाजवळ फिरकू देऊ नका.

बस्स, एवढंच. ना यंत्र, ना छुपा कॅमेरा. हा सल्ला किती खोल आहे ते धंद्यातल्या माणसाला लगेच जाणवतं. मंचावर प्रेक्षकाला जे दिसतं त्यातलं निम्म्याहून जास्त काम पडदा उघडण्याआधी झालेलं असतं. कोणता चमचा पुढे येणार, पाकीट कुणाच्या खिशात जाणार, चिठ्ठीचा कागद किती जाड, कुणाला मंचावर बोलवायचं, टेबल हलतं की स्थिर आहे. भरलेली डबी आणि रिकामी डबी टेबलाला जरा धक्का लागला तर एकसारखी हलत नाहीत, हे समजायला अतींद्रिय शक्ती लागत नाही. हे सगळं ‘आधीचं’ काम एका वाक्यात काढून घेतलं गेलं.

चित्रफितीतली एक जागा मला फार बोलकी वाटते. गेलर आश्चर्याने सांगतो की कार्यक्रमाआधी निर्मात्याने त्याला निदान चाळीस प्रश्न वाचून दाखवले होते, जे कार्सन विचारणार होता. म्हणजे तो मुलाखतीच्या तयारीने आला होता आणि बसला परीक्षेला. कलाकाराला ही घडी ओळखता आली पाहिजे. मुलाखतीत ताल तुमच्या हातात असतो. तुम्ही विषय वळवता, उठता, दुसऱ्याच कुणाला चमचा धरायला सांगता, हशा पिकला की त्या आडून काम उरकता. परीक्षेत टेबल मध्ये येतं आणि सगळ्यांचे डोळे त्या टेबलावर बसतात.

आणि कार्सन काय करत होता? काहीच नाही. त्याने टर उडवली नाही, आवाज चढवला नाही, ‘ढोंगी’ हा शब्द उच्चारला नाही. सौजन्याने वाट बघत राहिला. मला हे रँडीच्या सल्ल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. प्रेक्षकांतला एखादा जण अंगावर धावून आला तर मनकवड्याचं काम सोपं होतं, कारण सभागृह ताबडतोब कलाकाराच्या बाजूला झुकतं. शांतपणे, हसून, ‘घ्या ना तुमचा वेळ’ म्हणणारा माणूस सगळ्यात अवघड. त्याच्यासमोर शांतता वाढत जाते आणि त्या शांततेत बोटांची हालचाल मोठी दिसायला लागते.

इथवर सगळे जण प्रकरण वाचतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. खरा धडा याच्या पुढे आहे.

गेलर हॉटेलवर परतला तेव्हा आपलं सगळं संपलं असं त्याला वाटत होतं. सामान बांधून तेल अवीवला परत जायच्या विचारात तो होता. हे त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे. पण लगोलग त्याला मर्व्ह ग्रिफिन या दुसऱ्या टीव्ही यजमानाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. त्याच ऑगस्टच्या ४ तारखेपासून ११ तारखेपर्यंत कॅलिफोर्नियातल्याच स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग हे दोन भौतिकशास्त्रज्ञ त्याच्यावर चित्र ओळखण्याच्या चाचण्या घेत होते. नोव्हेंबरमध्ये तो बीबीसीवर डेव्हिड डिंबलबीच्या कार्यक्रमात गेला, तिथे काटे-चमचे वाकले आणि ब्रिटनभर त्याचं नाव झालं. ऑक्टोबर १९७४ मध्ये स्टॅनफर्डच्या त्या चाचण्यांचा लेख ‘नेचर’ या नामांकित विज्ञान नियतकालिकाने छापला, सोबतच्या संपादकीयात चाचण्यांची रचना कच्ची असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं, आणि धातू वाकवण्याबद्दल तर आपल्याकडे पुरेसा नियंत्रित पुरावा नाही, असं लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं. पण लोकांच्या मनात ‘नेचर’चं नाव राहिलं, संपादकीय राहिलं नाही. कितीतरी वर्षांनी गेलर म्हणाला की कार्सनच्या त्या कार्यक्रमानेच आपल्याला घडवलं.

हे कसं झालं?

समजा, एखादा जादूगार टोपीतून ससा काढायला गेला आणि ससा आला नाही. तो फसला, विषय संपला. ससा यायलाच हवा होता, कारण तो आधीपासून तिथे होता हे सगळ्यांना मनातून ठाऊक असतं. मनकवड्याचं उलटं आहे. प्रेक्षकाच्या डोक्यात हिशोब असा बसतो : ‘युक्ती असती तर दर वेळी जमली असती. जमली नाही, म्हणजे युक्ती नसावी.’ जादूत जी चूक, तीच इथे दाखला ठरते. म्हणून तर आम्ही लोक मुद्दाम चुकतो. चार आकडी नंबर ओळखताना एक आकडा शेजारचा सांगायचा, कपाळाला हात लावायचा, ‘सात… नाही, थांबा, आठ असेल’ म्हणायचं. सभागृहातली टाळी दुप्पट होते. प्रत्येक मनकवडा हे शिकतो आणि वापरतो. मीही वापरतो.

हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. गावाकडे देवर्षी घुमायला बसतो आणि वारं येत नाही, तेव्हा काय म्हणतो? आज वार चांगला नाही. कुणीतरी विटाळ केला. तुमच्या मनात किंतू आहे. उठून जाणारे लोक देवर्ष्यावर संशय घेत नाहीत, स्वतःच्या श्रद्धेवर घेतात आणि पुढच्या अमावास्येला नारळ घेऊन परत येतात. ‘आज मला जोर वाटत नाही’ हे बरबँकच्या स्टुडिओतलं वाक्य आणि ‘आज वारं भरत नाही’ हे आपल्याकडचं वाक्य, दोन्ही एकाच कुळातली.

धंद्याच्या नजरेने बघितलं तर गेलरने त्या दिवशी एक निर्णय पक्का घेतला, आणि तो निर्णय म्हणजे काही न करण्याचा. अशा कोंडीत कच्चा कलाकार घाबरतो. चमचा मांडीखाली दाबून बघतो, हळूच अदलाबदल करतो, आणि कॅमेऱ्यात सापडतो. सापडला असता तर मर्व्ह ग्रिफिनचं बोलावणं आलं नसतं. न जमणं आणि पकडलं जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्सनचा सापळा उत्तम होता, पण तो रोखणारा सापळा होता, पकडणारा नव्हता. रोखल्याने प्रयोग थांबतो. दावा जिथल्या तिथे राहतो.

रँडीला हे कळलं असावं असं मला वाटतं, कारण पुढची अनेक वर्षं तो नुसतं ‘सामान तुमचं आणा’ म्हणत बसला नाही. १९७५ मध्ये त्याने गेलरवर पुस्तक लिहिलं, पण त्याहून परिणामकारक म्हणजे तो स्वतः लोकांसमोर चमचे वाकवून दाखवत फिरला : बघा, हे मी केलं, आणि माझ्यात शक्ती नाही. पुढे प्रोजेक्ट अल्फा नावाच्या बनावात त्याने दोन तरुण जादूगार सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत अतींद्रिय शक्तीचे म्हणून पाठवले आणि १९८३ मध्ये सगळा उलगडा जाहीर केला. त्या दोघांतला एक, बानाचेक, आज मनकवडेपणाच्या कलेतलं मोठं नाव आहे. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नेमकं हेच करत आलेत. गावात जाऊन ते नुसतं ‘बाबा खोटा आहे’ म्हणत नाहीत. नारळातून करणी काढून दाखवतात, जिभेवर कापूर पेटवून दाखवतात, आणि मग ते कसं केलं हेही सांगतात.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण त्यावाचून हे प्रकरण माझ्यासाठी पुरं होत नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पिंपरी-चिंचवडमधली एक सोसायटी, गणपतीचा सातवा दिवस, पार्किंगमध्ये मांडव. माझा शेवटून दुसरा प्रयोग चमच्याचा होता. ‘कुणाकडे चमचा आहे का?’ हे मी विचारायचो, आणि पुढे येणारा चमचा कोणता असेल याची सोय आधी केलेली असायची. त्या दिवशी दुसऱ्या रांगेतले एक काका उठले. आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चमचा काढला. जाड, जुन्या स्टीलचा. दांड्यावर त्यांच्या बायकोच्या नावाचं आद्याक्षर, आडनाव आणि १९७९ हे साल कोरलेलं, भांडीवाल्याकडून नाव घालून घेतात तसं, बारीक ठिपक्याठिपक्यांचं.

आपल्या घरातली ही सवय मनकवड्याच्या किती मुळावर येते बघा. हॉटेलचा चमचा हजारांत एक असतो. नाव घातलेला चमचा जगात एकच. त्याची जोड मिळत नाही, तो बदलता येत नाही, आणि हे काकांना पुरतं ठाऊक होतं. ते म्हणाले, ‘हा वाकवा. आणि तो माझ्या नजरेसमोरच राहील.’ आवाजात राग नव्हता. कार्सनसारखेच हसत उभे राहिले.

मी चमच्याच्या मानेवर बोट ठेवलं. धातूचा गारवा अजून आठवतो. दहा-बारा सेकंद चोळल्यासारखं केलं, तेवढ्यात कळून चुकलं की इथे काही होणार नाही. मी बोट काढून घेतलं आणि सरळ सांगितलं, ‘काका, हा माझ्याच्याने होणार नाही.’ लोक हसले, टाळ्याही वाजल्या. मी शेवटच्या चिठ्ठ्यांच्या प्रयोगाकडे वळलो. तो उत्तम झाला. तीन अनोळखी माणसांनी मनात धरलेली नावं, जागा आणि एक आकडा मी फळ्यावर लिहिला. मांडवात मघापेक्षा जास्त गलका झाला. त्या रात्री मी स्वतःवर खूश होतो. फसलेली वेळ सावरली, प्रामाणिक राहिलो, वर शेवट जोरदार केला.

सामान आवरत होतो तेव्हा साठीच्या एक काकू आल्या. हातात प्रसादाचा द्रोण होता. म्हणाल्या, ‘सर, दोन मिनिटं आहेत का?’ मी खुर्ची ओढून दिली. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला म्हणून गेले ते परत आले नव्हते. विसरायचा आजार होता. पोलिसांत तक्रार, पेपरात फोटो, सगळं झालं होतं. ‘कुठे आहेत ते नाही विचारत,’ त्या म्हणाल्या. ‘आहेत का, एवढंच सांगा.’

मी म्हटलं, ‘काकू, मला काही दिसत नाही हो. या युक्त्या आहेत सगळ्या.’

त्यांनी मान हलवली. ‘असं तुम्हाला सांगावंच लागत असेल. पण मघाशी चमचा वाकला नाही तेव्हा तुम्ही लपवलं नाहीत. तेव्हाच मी ओळखलं. खोटा माणूस असता तर काहीतरी करून वाकवला असता.’

मी जे प्रामाणिकपणे केलं होतं, त्यातूनच त्यांनी माझ्या शक्तीचा दाखला काढला होता. मी एकदाही ‘माझ्यात शक्ती आहे’ म्हटलं नव्हतं. पण ‘नाही’ असंही प्रयोगात कुठे म्हटलं नव्हतं. ती जागा मी मोकळी सोडली होती, कारण मोकळ्या जागेत प्रयोग जास्त रंगतो. त्या जागेत काकू येऊन बसल्या होत्या, तीन वर्षांची वाट बघणं घेऊन.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, त्यातून पैसे मिळवणं त्यात गुन्हा आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर हा कायदा आला. मी त्या अर्थाने कायद्याच्या बाजूने स्वच्छ होतो. मी दावा केला नव्हता, करमणुकीचे पैसे घेतले होते. पण कायद्याची रेघ आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली बाई यांच्यामध्ये बरीच जागा उरते. आणि त्या जागेत काय करायचं हे मंचावरच्या माणसानेच ठरवायचं असतं.

मी चिठ्ठ्यांची पेटी परत उघडली. आमच्या धंद्यातला पहिला नियम मोडला आणि त्यांना दाखवलं. चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात येते तेव्हा काय होतं, माझा अंगठा कुठे असतो, मी मान वर करून बोलतो त्याच क्षणी नजर कुठे जाऊन येते. सावकाश, एकेक पायरी करून. त्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा दाखवलं.

‘म्हणजे तुम्ही वाचलंत.’

‘हो काकू. वाचलं.’

‘मला दिसलं नाही.’

‘दिसू नये म्हणूनच तर इतकी वर्षं सराव केलाय.’

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग द्रोणातली साखरखोबऱ्याची चिमूट माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, ‘त्या काकांचा चमचा परत दिलात ना? बायकोच्या नावाचा होता तो.’ दिला, म्हटलं.

त्यानंतर मी प्रयोगांच्या क्रमात बदल केला. एखादी गोष्ट फसली, मग ती ठरवून असो वा खरोखर, की त्याचा अर्थ प्रेक्षकांवर सोडत नाही. त्याच दमात सांगतो : ‘ही युक्ती आहे, आणि युक्तीला लागणारं सामान आज माझ्या हातात नाही.’ हे वाक्य बोलून झाल्यावरच पुढच्या प्रयोगाला हात घालतो. सुरुवातीला मला वाटलं होतं की याने रंग जाईल. दोन-तीन कार्यक्रम खरंच थंड गेले, कारण मी ते वाक्य माफी मागितल्यासारखं म्हणत होतो. मग ते ठणकावून म्हणू लागलो, तेव्हा लोक पुढे सरकून बसू लागले. युक्ती आहे हे कळल्यावर ती पकडायची जिद्द त्यांच्यात येते, आणि तरीही ती सापडली नाही की होणारा आनंद वेगळ्या जातीचा असतो. कार्यक्रमानंतर लोक आता मला ‘हे कसं केलंत?’ विचारतात. ‘माझं काय होईल?’ असं विचारणारे जवळजवळ उरले नाहीत.

मुद्दाम चुकणं मात्र मी सोडलेलं नाही. शिकायला येणारी पोरं यावरून माझ्याशी वाद घालतात : मग ते प्रामाणिक कसं? वाद बरोबर आहे. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय की चूक आकड्यांत करायची, नावांत करायची, पत्त्यांत करायची. कुणाच्या माणसाबद्दल, आजाराबद्दल, गेलेल्याबद्दल काही ओळखायचा प्रयोग करायचाच नाही, बरोबरही नाही आणि चुकीचाही नाही. चिठ्ठीवर तसं काही लिहून आलं तर ती चिठ्ठी न वाचता त्या माणसाला परत देतो. आता कोऱ्या चिठ्ठ्या वाटतानाच सांगतो की आवडतं गाव लिहा, शाळेतला बाक लिहा, लहानपणीचा खाऊ लिहा.

गेलरनेही पुढे शब्द बदलले. २००७ मध्ये एका जर्मन जादूविषयक मासिकाला तो म्हणाला की आपल्याकडे अलौकिक शक्ती आहे असं आता आपण म्हणणार नाही, आपण करमणूक करणारे आहोत. बरबँकच्या त्या टेबलाला तोवर चौतीस वर्षं झाली होती.